गाडीखालची जागा

भाजीवाल्या कल्याणची हातगाडी वॉर्ड सातच्या कोपऱ्यावरून वळली आणि सहादेवच्या हातातला पट्टा एकदम हलका झाला. तुटला नव्हता. कुत्र्याने मान खाली घालून गळपट्ट्यातून डोकं अलगद काढून घेतलं होतं. म्हणजे ही विद्या त्याला पहिल्या दिवसापासून येत होती आणि पाच महिने निव्वळ भिडेपोटी त्याने ती वापरली नव्हती. गेलं कुत्रं, आता माधुरीला काय तोंड दाखवायचं, पुण्याला धनश्रीला काय सांगायचं, एवढं सगळं एका दमात सहादेवच्या मनात येऊन गेलं. पण कुत्रं पळालं नाही. चार ढांगांत त्याने हातगाडी गाठली, चाकांच्या मधून खाली शिरलं आणि गाडीखालून चालू लागलं. शेपटी वर, कान ताठ, नजर समोर. कल्याण गिऱ्हाइकासाठी थांबला की ते थांबायचं, बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे रोखून बघायचं. गाडी हलली की हेही उठायचं. चाकाला पाय लागू द्यायचं नाही, एक पाऊल पुढे नाही की मागे नाही. रोज सकाळी फिरायला काढलं की दवाखान्यात नेत असल्यासारखं भिंतीला अंग घासत चालणारं हे कुत्रं आज अशा ऐटीत चाललं होतं की सहादेवला ते आपलं वाटेचना. कल्याणने वाकून खाली बघितलं आणि मेथीची जुडी हातात तशीच धरून हसला. म्हणाला, "कंट्रोलर साहेब, हे गाडीखालचं कुत्रं हाय. ऊसतोडीवाल्याचं. बैलगाडीखाली चालायचं आन गाडी राखायची, ह्योच त्याचा धंदा." मग तीन गल्ल्या सहादेव रिकामा पट्टा हातात घेऊन हातगाडीच्या मागे मागे फिरला. भाजी घेणाऱ्या बायका विचारत होत्या, हे काय नवीन, आणि तो त्यांना काहीबाही सांगत होता.

घरी आल्यावर मात्र यातलं काही त्याने माधुरीला सांगितलं नाही. का, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. बत्तीस वर्षं एसटीत काढलेला माणूस, त्यातली एकवीस श्रीरामपूरच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून. काचेच्या खिडकीत बसायचं आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते लाउडस्पीकरवरून अख्ख्या गावाला सांगायचं, यात हयात गेली. ह्यांच्या पोटात काही राहत नाही, असं माधुरी येईल त्याला सांगते. त्या दिवशी राहिलं. उशीर का झाला म्हणून तिने विचारलं तर तो म्हणाला, कल्याण भेटला होता, आणि हे काही खोटं नव्हतं. कुत्रं नेहमीप्रमाणे सरळ तिच्या शिलाई मशीनखाली जाऊन बसलं. सहादेव हात धुवायच्या निमित्ताने मोरीपाशी गेला आणि नळ सोडून नुसताच उभा राहिला.

कुत्रं आणायची कल्पना धनश्रीची. रिटायर झाल्यापासून पप्पा घड्याळाशी बोलतात, पाच पंचवीसला म्हणतात पुणे गेली, सहाला म्हणतात नाशिक गेली, असं आईने फोनवर सांगितलं आणि लेकीने तिकडे बसल्या बसल्या नगरजवळच्या एका निवारा केंद्रात नाव नोंदवून टाकलं. फॉर्म काय, घराचे फोटो काय. तिथली एक मुलगी येऊन घर बघून गेली, गच्चीचा कठडा हलवून बघितला, मोरीसुद्धा सोडली नाही. माधुरी म्हणाली, एवढी चौकशी तर आपण पोरीला स्थळ बघताना केली नव्हती. जूनमध्ये कुत्रं आलं. बदामी रंगाचं, छातीवर पांढरं, एक कान जरा दुमडलेला. सोबत एक कार्ड. नाव रॉकी. वय अंदाजे तीन. स्वभाव भित्रा. एप्रिलमध्ये नेवासा रस्त्यावर टाकळीभानजवळ सापडला, चारही पंजांची कातडी सोललेली. त्या मुलीने बजावून सांगितलं, याला कुणीतरी फार मारलंय, मोठ्याने बोलू नका, अंधारा कोपरा द्या. झालं. माधुरीने गोधडी टाकून कोपरा केला. टीव्हीचा आवाज गेला. आणि ज्याच्या आवाजावर स्टँडवरची तान्ही पोरं दचकून उठायची तो सहादेव स्वतःच्या घरात कुजबुजायला लागला. शेजारच्या विमलबाई आठ दिवसांनी हळूच विचारून गेल्या, तुमच्या दोघांत काही बिनसलंय का म्हणून.

गोधडीवर कुत्रं एक दिवसही बसलं नाही. रॉकी म्हटलं तरी बघायचं नाही, बाळा म्हटलं तरी नाही. भुंकायचं तर नावच नको. मुकं आहे की काय अशी शंका यायची. त्याने जागा शोधली ती मशीनखालची. माधुरी घरी ब्लाउज शिवते, मशीन पायाचं, तिच्या लग्नातलं. मोटर बसवून देते असं धनश्रीने दहादा म्हटलं असेल, ती ऐकत नाही. पायट्याच्या मागे, चाकाच्या बाजूला वीतभर मोकळी जागा असते, तिथे ते अंगाचं मुटकुळं करून बसायचं. मशीन चालू असलं की हनुवटी पंजांवर टेकून शांत. मशीन थांबलं की उठून उभं. माधुरीला वाटलं, लपायला बघतंय बिचारं, आवाजात त्याला धीर येत असेल. मग काय, शिवणकाम संपलं तरी ती दुपारची पायटा हलवत बसायची, सुईत दोरा नाही, खाली कापड नाही, नुसतंच मशीन चालू. एकदा सहादेव झोपेतून उठून आला तर ही एका हाताने पेपर वाचतेय आणि पाय चाललेत. तो तसाच मागे फिरला. पण त्या दिवशी त्याला तिच्याविषयी फार माया वाटली, लग्नाला तेहतीस वर्षं झाल्यावर अशी अचानक वाटते तशी.

आणि आज कळतंय की ते लपत नव्हतं. चाक फिरतंय, लाकूड करकरतंय, माणूस वर बसलाय. म्हणजे गाडी चाललीय आणि आपण खाली आहोत. ड्युटीवर होतं ते. पाच महिने ही दोघं एका कामकऱ्याची कीव करत होती. नळाचं पाणी वाहत होतं आणि सहादेवला एकामागून एक सगळं दिसत गेलं. कारखान्याचा हंगाम मार्चअखेर संपतो, पट्टा पडतो म्हणतात त्याला. मग तोडणीवाल्यांचे संसार, बैल, भांडीकुंडी ट्रकमध्ये चढतात आणि ट्रक नेवाशावरून पाथर्डीकडे, बीडकडे निघतात. हा रस्ता त्याने एकवीस वर्षं दिवसातून कितीदा उच्चारला होता. टाकळीभान, नेवासा, शेवगाव, तिसगाव, पाथर्डी. कारखान्यापासून टाकळीभान किती लांब आहे हे त्याला किलोमीटरमध्ये माहीत होतं. पंजे कशाने सोलले हे कुणी सांगायला नको होतं. कुणी मारलं नव्हतं त्याला. ते ट्रकच्या मागे पळालं होतं. आणि दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती, म्हणजे तोडणीवाले यायला महिनाही उरला नव्हता. ज्यांचं हे कुत्रं ते याच गावाच्या रस्त्याने, घुंगरं वाजवत जाणार. आपल्याकडून हे जाणार. माणूस साठीला आला की त्याला एखाद्या गोष्टीची धास्ती वाटली तरी ती सांगायची लाज वाटते, सहादेवला वाटली.

त्याचं हे सगळं कुत्र्यापुरतं असतं तर त्याने संध्याकाळच्या आत माधुरीला सांगून टाकलं असतं. पण त्या दिवसापासून त्याला आपलं गाव, तिसगाव, दिसायला लागलं. बाजारतळावर ट्रक उभा, वर ताडपत्री, आत बैल, आणि आठ वर्षांचा तो मावशीच्या ओट्यावर. आई-बाप दरसाल सांगलीकडे ऊस तोडायला जायचे. आधी त्यालाही न्यायचे, त्या वर्षी शाळेचं काढलं. बापाने गोडीशेवेचा पुडा हातात दिला आणि सांगितलं, हितंच हुभा राहा, ओट्याखाली उतरायचं न्हाई. तो उतरला नाही. ट्रक सुरू झाला, बापाने हात केला, चुलत्याने केला, आणि आई मात्र केबिनकडे तोंड करून, त्याच्याकडे पाठ करून बसलेली. हिरवं लुगडं, खांद्यावर ठिगळ लावलेली चोळी. ते ठिगळ त्याला अजून बोटाने काढून दाखवता आलं असतं. ट्रक वळेपर्यंत तिने मागे बघितलं नाही. पुढे दरवर्षी हेच. चैत्रात यायची, गूळ आणायची, अंगावरून हात फिरवायची, आणि दिवाळी झाली की पुन्हा पाठ. तो शिकला, एसटीत लागला, तिला श्रीरामपुरात आणून मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं, शेवटचे सात महिने ती याच घरात पुढच्या खोलीत पडून होती. सगळं बोलले दोघं. हे एक सोडून. विचारायचं तरी काय, की बये तू मागे का बघितलं नाहीस? पन्नाशीतल्या माणसाने विचारायची गोष्ट आहे का ही? ती गेली आणि मग विचारायचं कुणाला हाही प्रश्न उरला नाही. खिडकीत बसून तो माईकवर गाड्या पुकारायचा तेव्हा नजर मात्र गाडी सुटताना खिडक्यांकडे असायची, कोण हात करतंय, कोण नुसतंच समोर बघतंय. हे तर माधुरीलाही माहीत नव्हतं.

नोव्हेंबर उजाडला, कारखान्याचं धुराडं पेटलं, आणि सहादेवने फिरायचा रस्ता बदलला. स्टेशनच्या बाजूला जायचं सोडून चर्चच्या मागच्या गल्लीतून फिरून यायला लागला. कल्याणची गाडी दिसली की दुसरीकडे वळायचा. पहाटे बैलगाड्यांची घुंगरं लांबून वाजायची, फार लांबून, झोपलेल्या माणसाला ऐकूही येऊ नयेत अशी. कुत्रं उठून दाराशी जायचं आणि फटीला नाक लावून उभं राहायचं. रडणं नाही, ओरबाडणं नाही. नुसतं उभं. सहादेव उठून खिडकी लावून घ्यायचा, पंखा मोठा करायचा. आता थंडीच्या दिवसात पंखा. चार दिवस असे गेले, आठ गेले. कुत्र्याने दूध-भाकरी अर्धी टाकायला सुरुवात केली. मशीनखाली बसायचं पण डोकं खाली टेकवायचं नाही. सहादेव स्वतःला सांगायचा, थंडीने असेल. सांगायचा, ज्यांनी टाकलं त्यांच्याकडे काय म्हणून जायचं? इथे काय कमी आहे? डॉक्टर आहे, दूध आहे, जीव लावणारी माणसं आहेत. आणि हे सांगता सांगता त्याला मावशीचा आवाज ऐकू यायचा, अगदी हेच बोलणारा, हितं तुला काय कमी हाय रे. मावशीने खरंच काही कमी केलं नव्हतं. तरी तेव्हा तो ताटावर बसायचा आणि घास फिरायचा तोंडात.

माधुरीने पंख्याचं विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. कल्याणची गाडी, टाकळीभान, ट्रक. आईचं नाही सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचे पाय हळूहळू थांबले, तसं कुत्रं खालून उठलं. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळेना की ती चिडलीय की घाबरलीय. पाच महिन्यांत तिने कुत्र्यासाठी जुन्या सतरंजीचे दोन झगे शिवले होते, हिवाळ्याला. बराच वेळ ती कात्री उघड-मीट करत राहिली. मग म्हणाली, "त्याचं माणूस गावात आलंय आणि आपण खिडकी लावून बसलोय. हे मला नाही पटत." तो म्हणाला, गेलं तर परत नाही यायचं ते. ती म्हणाली, मला कळत नाही का ते? आणि डोळ्यांना पदर लावून स्वयंपाकघरात निघून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने स्वतःच कुत्र्याच्या गळ्यात पट्टा अडकवला आणि तो सहादेवच्या हातात दिला. मी येत नाही म्हणाली.

कारखान्याच्या रस्त्याला उसाने भरलेल्या गाड्यांची रांग लागली होती. वजनाला नंबर येईपर्यंत बैल सोडलेले, पुढ्यात उसाच्या शेंड्यांचं वाढं टाकलेलं, गाडीवाले सावलीला कलंडलेले. सगळीकडे उसाचा आंबूस गोड वास. पन्नास वर्षांत सहादेव या वासाच्या इतक्या जवळ मुद्दाम आला नव्हता. कुत्र्याने त्याला ओढत नेलं. एका गाडीखाली शिरायचं, हुंगायचं, बाहेर यायचं, पुढची गाडी. आठ झाल्या, नऊ झाल्या. सहादेव मनात म्हणत होता, नसू देत, यंदा आलेच नसू देत. बाराव्या गाडीखाली ते शिरलं आणि बाहेर आलं नाही. जुवाच्या बाजूला तोंड करून बसलं. शेजारी तीन दगडांवर चहा ठेवून पन्नाशीची एक बाई फुंकर घालत होती, डोक्याला फडकं, हातावर उसाच्या पात्याचे ओरखडे. तिने मान वळवली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "यू, यू." कुत्र्याने बाहेर येऊन तिच्या मांडीत डोकं खुपसलं आणि असा आवाज काढला की सहादेवने पट्टा सोडून दिला. मुकं समजत होती ती दोघं त्याला. बाईने त्याचा एकेक पंजा उचलला, उलटा केला, अंगठ्याने दाबून बघितला. चारही बघितले. नंतर विचारलं, कुठं घावलं? टाकळीभानजवळ, सहादेव म्हणाला. "टाकळीभानपातूर आलं हुतं व्हय," ती म्हणाली आणि पंजा हातात तसाच धरून बसली. चहा उतू गेला.

तिचं नाव गोजरबाई. तिसगावच्या पुढचं गाव. नवरा रंभाजी तिकडे बैलांपाशी उभा होता, त्याने कुत्र्याला बघितलं, ओळखलं, आणि बैलाच्या मानेवरून हात फिरवत पलीकडे तोंड करून राहिला. सहादेव म्हणाला, मी बी तिसगावचाच, आणि ही भाषा आपल्या तोंडात अजून आहे याचं त्याला नवल वाटलं. मग गोजरबाई मोकळी झाली. पिल्लू होतं तेव्हा घमेल्यात भांड्यांखाली लपवून आणलं होतं याला. गेल्या साली मोठं झालेलं. ट्रकवाला म्हणाला, बैलांत कुत्रं चालायचं नाही, बैल बुजतात, एखाद्याचा पाय मोडला तर कोण भरून देणार. त्याचंही चुकीचं नव्हतं. इथे कारखान्यावर माणसं असतात, कुणीतरी तुकडा टाकेल, असं म्हणून सोडलं. नाव काय ठेवलं होतं, सहादेवने विचारलं. ती हसली. कुत्र्याला कसलं नाव, यू म्हटलं की येतं. हे सगळं बोलून झालं आणि सहादेव उठायच्या बेतात होता. विचारायचं असं त्याच्या मनात काहीच नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"ते मागं पळत हुतं, तवा तुमी मागं बघितलं का न्हाई?"

गोजरबाईने पंजा खाली ठेवला. रंभाजीचा हात बैलाच्या मानेवर थांबला. ती रागावेल असं सहादेवला वाटलं, रागावली नाही. "न्हाई बघितलं," ती म्हणाली. "केबिनीकडं तोंड करून बसले. हे सांगत हुते, पळतंय गं, अजून पळतंय. म्या म्हनलं मला सांगू नगा. बघितलं असतं तर टरकातनं उडी टाकली असती, भाऊ. आन मंग बैलांचं कोन बघनार हुतं, पोरींचं कोन बघनार हुतं?" एवढं बोलून तिने फुंकणी उचलली आणि विझत आलेल्या जाळाला फुंकर घातली. राख उडाली. सहादेव गाडीच्या चाकाला टेकून खाली मातीत बसला, चांगल्या पँटीनिशी. त्याच्या समोर ती पाठ होती, खांद्यावरचं ठिगळ होतं, आणि त्याला पहिल्यांदा त्या पाठीची पुढची बाजू दिसत होती. दोन्ही हातांनी ट्रकची फळी धरलेली, डोळे मिटलेले. आई, तू उडी टाकली असतीस, तो मनात म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली. गोजरबाईला वाटलं कुत्र्यासाठी रडतोय. तिने त्याच्यापुढे चहा ठेवला, उतू जाऊन उरलेला, अर्धा पेला.

चहा पिऊन त्याने सांगितलं, तुमचं आहे, घेऊन जा. ती कितीतरी वेळ कुत्र्याच्या दुमडलेल्या कानाशी चाळा करत बसली. मग नको म्हणून मान हलवली. म्हणाली, नेईन, आन चैतात पुन्हा त्येच. ट्रकवाला काही बदलायचा नाही. पुन्हा ते पळणार, आणि पुन्हा टाकळीभानला कुणी भेटेलच असं नाही. एकदा केलं भाऊ, दुसऱ्यांदा माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. तुमीच ठिवा. सहादेव उठला, पट्टा उचलला, दोन पावलं गेला आणि थांबला. कुत्रं त्याच्याकडे बघत होतं, तिच्याकडे बघत होतं, आणि शेवटी दोघांनाही सोडून गाडीखाली जाऊन बसलं. गाड्या सोडण्यात-लावण्यात जन्म गेलेल्या माणसाला तेव्हा कुठे सुचलं. त्याने विचारलं, पट्टा कधी पडेल? मार्चच्या शेवटाला, ती म्हणाली. मंग तवर राहू द्या तुमच्याकडं, तो म्हणाला. टरक निघायच्या दिवशी मी याला न्यायला येतो, निघायच्या आधी. तिने त्याच्याकडे पारखून बघितलं, नुसतं बोलतोय की खरंच येईल ते. "आठवनीनं या," एवढंच म्हणाली.

तो हंगाम कसा गेला ते सांगण्यासारखं नाही. घरात आवाज मोठा करायला हरकत नव्हती, पण दोघं कुजबुजतच राहिली. सहादेव दोन दिवसांआड स्कूटर घेऊन रस्त्याला जाऊन उभा राहायचा. गाडी यायची, खाली कुत्रं. त्याला बघून शेपटी हलवायचं, पण जागा सोडायचं नाही. सहादेव त्याच्याशी दोन शब्द बोलायचा आणि परत यायचा. चार किलोमीटर जाऊन एवढंच, माधुरी म्हणायची, आणि तिसऱ्या वेळेपासून मागे बसून यायला लागली. झगे तिने गोजरबाईला नेऊन दिले. पण जानेवारीतल्या एका दुपारी वेगळंच झालं. दार लोटलेलं होतं, ते ढकलून कुत्रं आत आलं. एकटंच. अंगावर धूळ, कानात उसाचं पाचट. पाणी प्यायलं, सगळ्या घरात हिंडून आलं, पुढच्या खोलीत, मागच्या, मोरीतसुद्धा डोकावलं, आणि गोधडीच्या कोपऱ्यात जाऊन चक्क आडवं झालं, पाय लांब करून. पाच महिन्यांत ज्या गोधडीकडे त्याने बघितलं नव्हतं तिच्यावर ते तासभर घोरत पडलं. माधुरी हलली नाही जागची. फोन वाजला तर घेतला नाही. चार वाजता उठलं, अंग झाडलं आणि आपल्या वाटेने निघून गेलं. सहादेव म्हणाला, रजा टाकून आलं होतं. माधुरी हसली आणि मग रडली. त्यानंतर दर आठ-दहा दिवसांनी ते असं यायला लागलं.

मार्चच्या एकोणतीस तारखेला पट्टा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं तोडणीवाल्यांच्या माळावर गेली तेव्हा त्यांच्या राहायच्या कोप्या मोडलेल्या होत्या, ट्रक भरत आला होता. माधुरीने गोजरबाईसाठी दोन ब्लाउज शिवून नेले होते, मापाचे, अंदाजाने नाही. ते माप तिने कधी घेतलं होतं देव जाणे. गोजरबाईने कुत्र्याला भाकरी चारली, तोंडावरून हात फिरवला आणि पट्टा स्वतःच्या हाताने सहादेवला दिला. बायका वर चढल्या. रंभाजीने फळी लावली. ट्रकने धूर सोडला आणि कुत्रं उभं राहिलं. सहादेवला वाटलं होतं, घट्ट धरावं, पोटाशी घ्यावं, डोळे झाकावेत त्याचे. रात्रभर हेच ठरवून आला होता. ट्रक हलला. गोजरबाई केबिनकडे तोंड करून बसली होती. मग ती वळली. फळीला दोन्ही हातांनी धरून, तोंड त्यांच्याकडे करून, डोळे उघडे ठेवून ती बघत राहिली. कुत्र्याने पट्ट्याला ओढ दिली, आणि सहादेवने त्याला धरून ठेवलं नाही, सोडलंही नाही. तो त्याच्याबरोबर पळाला.

साठीचा माणूस, गुडघे दुखरे, पायात चपला. तोडणीवाल्यांनी ठोकलेल्या आरोळ्या त्याच्या कानावर येत होत्या, माधुरी अहो अहो करत होती. पहिली चप्पल वळणावर गेली, दुसरी त्याने स्वतः झटकली. कुत्रं पुढे, तो मागे, दोघांच्या मधे पट्टा ताणलेला, आणि पुढे धुळीत ती बाई, हात वर केलेला, खाली न घेतलेला. पाण्याच्या टाकीपर्यंत पळाला तो. मग श्वास छातीत मावेना तेव्हा थांबला, तसं कुत्रंही थांबलं. त्याने वळून सहादेवकडे बघितलं, याला काय झालं म्हणून. ट्रक नेवाशाच्या रस्त्याला लागला तरी हात दिसत होता. मग दिसेनासा झाला. सहादेव गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता, कुत्रं त्याचा घामेजलेला हात चाटत होतं. मागून माधुरी आली, दोन्ही हातांत एकेक चप्पल, तीही धापा टाकत. आधी तिने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. मग चपला पायाशी टाकल्या आणि रागावून म्हणाली, वय काय तुमचं, काय होतं एवढं पळण्यासारखं?

"राहिलं होतं गं," सहादेव म्हणाला, "पळायचं."